साखळ्या मी वर बांधल्या होत्या

इंदू गेली त्या दिवशी आमच्याकडं पाणी सोडायचा दिवस होता. दवाखान्यात तिला सहा दिवस झाले होते. छातीत पाणी झालं होतं, पण डॉक्टर म्हणत होते की उतार आहे. सकाळी तिनंच मला घरी पाठवलं. "हितं बसून तुमी काय माजी नाडी धरनार हाय का? जावा, पिंप भरून घ्या. मग परवापातूर पानी न्हाई." मी आलो. नळाला पाईप लावला आणि पिंपाजवळ उभा राहिलो. तेवढ्यात सविताचा, म्हणजे आमच्या मुलीचा फोन आला. ती वाघोलीहून येऊन आईपाशी बसली होती. नुसतं "आबा..." म्हणाली. मला कळलं. लोकांना खोटं वाटेल, पण मी नळ लगेच बंद केला नाही. पिंप काठोकाठ भरू दिलं, झाकण ठेवलं, पाईप गुंडाळून खिळ्याला लावला, मग चप्पल घातली. तिनं सांगितलेलं शेवटचं काम होतं ते. अर्धं टाकून गेलो असतो तर बोलली असती, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

त्याला आता दीड महिना झाला. मी सातवी शिकलेला माणूस, जन्मभर ट्रॅक्टर चालवला. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात ते मी वाचतो, त्यांच्यासारखं मला जमणार नाही. पण मला नुसतं कौतुक करायचं नाही. इंदूच्या नावावर एक चूक पडलेली आहे. एका मुलीच्या पायाला दगड लागून हाड मोडलं आणि तो इंदूच्या हलगर्जीपणामुळं लागला असं सगळे धरून चाललेत. ती चूक माझी. तिनं ती अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. ती होती तोवर मला हे पचलं. ती गेल्यावर पचेना, त्याला कारण अपर्णा.

अपर्णा म्हणजेच ती मुलगी, जिच्या पायाला दगड लागला होता. तेव्हा चंद्रपूरहून नवीन नवीन नोकरीला आलेली, आता कोथरूडला राहते, तिची मुलगी शाळेत जाते. दहाव्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरी आली. इंदूच्या खाटेवर बसली, चादरीवरून हात फिरवला आणि रडली. मग मला म्हणाली, "काका, ते मावशींच्या मनात शेवटपर्यंत होतं का हो? मी त्यांना कधीच माफ केलं होतं. त्यांना माहीत होतं ना?" मी काय म्हणालो असेन? "हो," म्हणालो. मेलेल्या बायकोला माझ्या चुकीची माफी मिळाली आणि मी तिच्या वतीनं ती घेतली. अपर्णा गेली तरी मी तिथंच बसून होतो. सविता म्हणाली, "आबा, दिवा लावू का?" मी म्हणालो, "नको, असू दे असंच."

सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे इंदू कोण होती ते कळेल. हडपसरच्या पुढं जिथं आम्ही ज्वारीची रानं बघितली होती तिथं काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हाची गोष्ट. आत पोरं कॉम्प्युटरवर बसायची आणि बाहेर सात-आठ एकर नुसतं गवत. त्याला लॉन म्हणतात हे आम्हाला तिथंच कळलं. इंदू एका गुलाबाच्या नर्सरीत कामाला जायची, म्हणून लॉन लावायला नेलेल्या बायकांत तिचा नंबर लागला. उकिडवं बसून, चार चार बोटांवर एकेक काडी रोवत, दोन महिने बायका पुढं सरकत होत्या. ते लॉन शेवटपर्यंत ती "माजं गवत" म्हणायची. कंपनीला त्याची कल्पना नसावी. आवाराची सगळी व्यवस्था लिमये साहेबांकडं होती. पुण्याच्या पेठेतला माणूस, बोलणं मोजकं आणि लागेल असं. ते ढकलायच्या मशिननी गवत कापून घेऊन कंटाळले होते. एका टोकाला कापून होईतो दुसऱ्या टोकाला गुडघाभर व्हायचं. त्यांनी लहान ट्रॅक्टर घ्यायचा ठरवला, द्राक्षाच्या बागेत चालतो तसला, वीसेक घोड्यांचा, म्हणजे हॉर्सपॉवरचा. इंदूनं लगेच सांगितलं, "आमच्या मालकास्नी टॅक्टर येतो." साहेब म्हणाले, "मालकांना नोकरी चालेल का, विचारून या." असा मी तिथं लागलो.

ट्रॅक्टर आला, मग त्याच्या मागं लावायचं गवत कापायचं यंत्र घ्यायचं होतं. खाली पत्र्याची मोठी परात पालथी घातल्यासारखं असतं, आत तीन पाती गरगर फिरतात, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतं. रोटरी मोवर म्हणतात. साहेब मला दुकानात घेऊन निघाले तर म्हणाले, "बाईंनाही घ्या, गवत त्यांचं आहे." टोमणाच होता, पण इंदू खरंच गाडीत बसली. दुकानदार सहा फुटी यंत्राला टेकून उभा. "मोठं घ्या साहेब, निम्म्या वेळात काम." साहेबांना पटत आलं होतं. मी म्हणालो, एवढं रुंद ओढताना आमच्या इंजिनाचा जीव जाईल, ओल्या गवतात तर दम कोंडेल. शिवाय एवढं वजन मागं उचललं की चढावर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. चार-साडेचार घोड्यांमागं एक फूट, एवढा हिशेब धरावा. आणि दोन्हीकडं चाकांच्या बाहेर चार बोटं तरी निघालं पाहिजे, नाहीतर चाकानं दाबलेलं गवत तसंच राहतं. आम्हाला चार फुटी बास होतं. इंदू तोवर खाली बसून यंत्राच्या पोटात हात घालत होती. एका यंत्राकडं बोट करून म्हणाली, "ह्येला तिसऱ्या ठिकाणी ग्रीस द्यायला हात जात न्हाई."

"बाई, तिथं वर्षातनं एकदाच द्यायचं असतं," दुकानदार म्हणाला.

"मंग तुमी येत जावा वर्षातनं एकदा."

साहेब पहिल्यांदा हसले. मग तिनं विचारलं की पाती पुण्यात मिळतात का. सगळ्यात देखणं यंत्र परदेशी होतं आणि त्याची पाती मागवली की महिन्यानं यायची. "म्हैनाभर गवत थांबतंय व्हय?" ते यंत्र बाजूला पडलं. शेवटी जे घेतलं ते दिसायला साधं होतं, पण पत्रा जाड, गिअरबॉक्सचं ऑईल बघायला झाकण हाताशी, ग्रीसच्या जागा मोकळ्या आणि सुटे भाग मार्केट यार्डाजवळ मिळणारे. मागच्या बाजूनं साखळ्यांची झालर होती, दाटीनं लोंबणाऱ्या आखूड साखळ्या. पात्याखाली दगड आला तर गोळीसारखा उडतो, तो त्या साखळ्यांवर आपटून खाली पडावा म्हणून. दुकानदारानं हे सांगितलं तेव्हा इंदूनं एकेक साखळी ओढून बघितली. साहेब म्हणाले, "बबनराव, बाईंना खरेदी खात्यातच घ्यायला हवं होतं."

यंत्र आणणं सोपं, सांभाळणं रोजचं. सकाळी आधी ऑईल बघायचं, ग्रीसचे दोन-दोन दाब द्यायचे, पात्यांचे नट आवळायचे. यंत्र पुढून अर्धं बोट खाली आणि मागून वर असावं लागतं, म्हणजे कापलेलं गवत परत परत पात्यात येत नाही. काम झालं की उचलून पोट खरवडायचं, नाहीतर चिकटलेल्या गवतानं पत्रा सडतो. हे सगळं माझं. इंदूचं काम माझ्या पुढं चालायचं. कापायच्या आधी सगळा तुकडा ती पायाखालून घालायची, हातात टोपली आणि चपला काढून. साहेबांनी तिला बूट दिले होते ते तिनं कपाटात ठेवले. "डोळ्याला चुकतंय त्ये पायाला लागतंय," म्हणायची. खडे, तारांचे तुकडे, बाटल्यांची बुचं, पेनं, एकदा तर कुणाचं तरी गळ्यात घालायचं ओळखपत्र, सगळं टोपलीत. तुकडा झाला की येऊन टोपली माझ्या मडगार्डवर ठेवायची. टोपली आल्याशिवाय पाती फिरवायची नाहीत, असा आमचा कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता. ती पुढं चालतीये, मी मागं इंजिन धीमं ठेवून बसलोय... माझ्या आयुष्यातली बरी वर्षं कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

चुका व्हायच्या. पहिल्याच खंडेनवमीला आम्ही पूजेसाठी तिन्ही पाती काढली, धार लावली, पाटावर मांडली. पात्याची वरची बाजू गवताच्या चिकानं काळी पडलेली असते आणि खालची घासून चांदीसारखी होते. इंदूनं ती चांदीची बाजू वर करून हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर पाती चढवायची वेळ आली तेव्हा माझा जीव होईना. पुजलेलं कुंकू मातीकडं तोंड करून कसं लावायचं? मी कुंकवाची बाजू वर ठेवून पाती बसवली. म्हणजे उलटी. उलटं पातं फिरलं की धारेची बाजू मागं जाते आणि बोथट कडेनं गवत झोडपलं जातं. तीन दिवसांत सगळ्या लॉनचे शेंडे पांढरे पडले. साहेबांनी गवताला रोग पडला म्हणून शेतकी कॉलेजातनं माणूस बोलवायची तयारी केली. इंदूनं एक काडी उपटली, नाकाजवळ धरली आणि म्हणाली, "रोग कसला? ह्ये कापल्यालं न्हाई, वरबाडल्यालं हाय." मग यंत्र उचलून खालून बघितलं तर पात्यांच्या वरच्या अंगाला पुसट कुंकू. मी जाऊन साहेबांना सरळ सांगितलं की माझं चुकलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी देवाला उलटं बसवा, पातं सरळ." पोटभर हसले. सांगायचं कारण, कबूल करायला मी घाबरत होतो असं नाही. हसण्यावारी जाणारी चूक मी लगेच कबूल केली होती.

दुसरी चूक चार-पाच वर्षांनी झाली. पावसाळ्याचे दिवस, गवत ओलं. ओल्या गवताचे गोळे साखळ्यांना अडकायचे आणि लॉनवर ढिगुळ्या पडायच्या, मग त्या पसरायला माणूस लागायचा. मी साखळ्या तारेनं वर बांधून टाकल्या. गोळे पडायचे थांबले. इंदूनं बघितलं आणि म्हणाली, "त्या साकळ्या सोडा आदी." मी "सोडतो" म्हणालो. दोन दिवस झाले तरी सोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कंपनीत परदेशातले पाहुणे यायचे होते आणि अकराच्या आत सगळं कापून पाहिजे असा निरोप होता. तीन तुकडे झाले. चौथा कँटीनच्या बाजूचा, तिथं आदल्या दिवशी केबलसाठी खणून परत बुजवलं होतं. इंदू तिसऱ्यावरून त्या तुकड्याकडं येत होती, टोपली तिच्या हातातच होती. लांबूनच तिनं हात हलवून ओरडून सांगितलं, "थांबा, ह्यो राह्यलाय!" इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ऐकू आलं होतं. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी पाती फिरवली.

अपर्णा मागच्या बुटक्या भिंतीवर बसून फोनवर बोलत होती. दगड कधी उडाला ते मला कळलंही नाही, किंचाळणं ऐकू आलं. नडगीचं हाड तडकलं होतं. पांढरा मोजा बघता बघता लाल झाला. माणसं धावली, तिला उचलून गाडीत घातलं. मी ट्रॅक्टर बंद करून सीटवरच बसलो. तेवढ्यात मागं काहीतरी खुळखुळलं. वळून बघितलं तर इंदू यंत्रामागं वाकलेली. तिनं तार उलगडली, साखळ्या खाली सोडल्या, तार वेटोळं करून टोपलीत टाकली आणि वर चार खडे टाकले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

साहेब आले, बरोबर माणसं पुरवणारा ठेकेदार आणि कंपनीचा एक मोठा अधिकारी. साहेबांनी विचारलं, "हा तुकडा वेचला होता का?" मी तोंड उघडलं. आधी काय सांगावं, साखळ्यांचं की थांबलो नाही त्याचं, एवढ्यात इंदू म्हणाली, "येचला व्हता साहेब. माजी नजर चुकली. टोपली मीच ठिवली मडगार्डवर." साहेब यंत्रामागं गेले. त्यांनी एका साखळीवरून बोट फिरवलं. ओल्या कापणीत ती खाली असती तर हिरवी झाली असती. बोट कोरडं निघालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी खाली बघितलं. बस, एवढंच झालं. इंदूला त्याच दिवशी कामावरून काढलं. तिनं लावलेल्या गवतावरून ती चपला हातात घेऊन फाटकापर्यंत गेली. मी उरलेलं कापून दिलं, कारण पाहुणे यायचे होते.

त्या दिवसापासून साहेबांनी मला टोमणा मारायचं बंद केलं. अहो बबनराव, हे करा. अहो बबनराव, ते करा. सरळ आणि नीट. पेठेतल्या माणसानं टोमणा मारायचं सोडलं की ते किती लागतं ते ज्याला लागलंय त्यालाच ठाऊक. ते निवृत्त झाले तरी तसेच बोलत होते.

घरी आल्यावर मी इंदूला म्हणालो, उद्या जाऊन खरं सांगतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सांगून? मला परत घेनार न्हाईत, आन् तुमालाबी काढतील. माजं काय, उद्या नर्सरीत उभी राह्यले की काम हाय. तुमास्नी हे शीट परत कोन देनार?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आता ह्यावर घरात बोलायचं न्हाई." बोलायचं नाही असं ती म्हणाली हे खरं. पण मला ते सोयीचं पडलं हेही खरं. बाकी सगळ्यावर ती मला बोलायची. मिशी नीट कापली नाही म्हणून, पाहुण्यांसमोर बनियनवर बसलो म्हणून, साखर जास्त घेतली म्हणून. हा एक विषय सोडून. मला कधी वाटायचं, एकदा तरी भडाभडा बोलावं हिनं, हात उगारावा. नाही बोलली.

अपर्णा तेव्हा तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होती. पाय प्लास्टरमध्ये, आईवडील चंद्रपूरला, आई आठवडाभर राहून परत गेली. इंदू एक दिवसाआड तिच्याकडं जायची, डब्यात हुलग्याचं माडगं, हाडाला चांगलं म्हणून. रविवारी आणि मला सुट्टी असेल तेव्हा मी बरोबर जायचो, रिक्षानं. इंदू वर जायची, मी खाली रिक्षात बसून राहायचो. मुलींची खोली, वॉचमन पुरुषाला वर सोडत नव्हता. बरं झालं नव्हता सोडत. एकदा इंदू डोळे पुसत खाली आली. मी विचारलं काय झालं. "काय न्हाई. माफी मागितली तिची." रिक्षावाला आरशातनं बघत होता. मी त्याला म्हणालो, चला.

पुढं मी आणखी नऊ वर्षं त्या सीटवर बसलो. साखळ्या पुन्हा कधी बांधल्या नाहीत. वेचायला दुसरी बाई आली, चांगली होती, बूट घालायची. इंदू नर्सरीच्या टेंपोतनं रोज कंपनीच्या भिंतीलगतनं जायची. आत पाऊल टाकलं नाही तिनं पुन्हा, पण टेंपोत उभी राहून लॉन बघायची. संध्याकाळी मला सांगायची, "उजव्या अंगाचं पिवळं दिसतंय, धार ग्येली तुमच्या पात्याची." मी बघायचो तर खरंच गेलेली असायची. कधी माझ्या शर्टाचा वास घेऊन म्हणायची, आज ओलं कापलंत. तिला फसवता यायचं नाही. मग मी निवृत्त झालो, तिचे गुडघे गेले, नर्सरी सुटली. दोघं घरात बसून टीव्ही बघायचो. वेळ भरपूर होता. मी दहा वेळा तरी ठरवलं असेल की आज बोलायचं. ती म्हणायची, "आवाज वाढवा जरा," आणि मी वाढवायचो.

आता टीव्ही लावत नाही. घरात एवढी शांतता आहे की फ्रीज सुरू झाला तरी दचकतो. सविता म्हणते वाघोलीला चला. इथं निदान इंदू कुठं कुठं बसायची ते मला माहीत आहे, तिथं काय करू? महिना झाल्यावर एका सकाळी मी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला आणि कोथरूडला गेलो. अपर्णाच्या सोसायटीच्या फाटकावर वही ठेवलेली असते. नाव लिहिलं, कुणाकडं ते लिहिलं. पुढं रकाना होता, काम. वॉचमन म्हणाला, "आजोबा, काहीतरी लिहा, पर्सनल लिहा." मी लिहिलं, एक सांगायचं आहे.

अपर्णानं दार उघडलं, खुश झाली, बसा म्हणाली. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, मग बिस्किटं, मग निघालो असतो. उभ्या उभ्याच सांगितलं. साखळ्या बांधल्याचं, इंदू थांबा म्हणाल्याचं, तार उलगडल्याचं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढ्या वर्षांचं ओझं एवढंसंच होतं.

ती म्हणाली, "मावशी माझ्या पायाशी बसून रडल्या होत्या, काका. सॉरी म्हणत होत्या. ते सगळं...?"

"रडणं खोटं नसेल. खोटं रडणाऱ्यातली नव्हती ती."

"आणि तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"खाली. रिक्षात."

"दर वेळेला?"

"मी आलो त्या दर वेळेला."

"मी त्यांना म्हणाले होते, मावशी, पुढे लक्ष देऊन काम करत जा." तिचा आवाज चढला. "मी बावीस वर्षांची, त्यांना शिकवत होते! आणि त्या हो बाळा, हो बाळा म्हणत होत्या. तुम्ही एकदा, एकदा वर येऊन बोलू शकला नाहीत? माझा पाय मोडला त्याचं काही नाही हो, पाय केव्हाच बरा झाला. पण त्यांना तुम्ही... नको. काका, तुम्ही जा आता. मला खूप राग आलाय तुमचा. जा तुम्ही."

मी निघालो. ती लिफ्टपर्यंत आली नाही, दार मात्र आपटलं नाही. खाली वहीत जायची वेळ लिहिली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. इंदू गेल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलत होते. जेवलात का, गोळी घेतली का, जपा. इंदूच्या बाजूनं उभं राहून माझ्यावर तोंड टाकणारं कुणी राहिलंय असं मला वाटलं नव्हतं. सविताला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, ती अजून नीट बोलत नाही. आणि आता इथं लिहिलं, कारण कंपनीतली माणसं, ठेकेदार, त्या वेळच्या बायका, कोण कुठं आहेत मला माहीत नाही. कुणी वाचलं तर कळू दे. इंदुबाईंची नजर चुकली नव्हती. लिमये साहेब असतील तिथं त्यांनीही वाचावं.

कोथरूडहून परतताना शेवाळवाडीची बस मिळाली, मोकळी होती. आमच्या गाडीतळाचं तिकीट काढलं. आम्ही दोघं बसनं कुठंही गेलो तरी कधी शेजारी बसलो नाही. ती डावीकडं पुढं, बायकांच्या सीटवर. मी उजवीकडं मागं. बस हलली की मला डुलकी लागते, म्हणून उतरायचं आलं की ती मागं वळून नुसती हनुवटी वर करायची. त्यामुळं मला आमचा स्वतःचा स्टॉपसुद्धा कधी लक्षात ठेवावा लागला नाही. त्या दिवशी झोप लागली नव्हती. मी डोळे उघडे ठेवून बायकांच्या सीटकडं बघत बसलो होतो आणि अपर्णा काय काय बोलली ते मनात ओळीनं लावत होतो, घरी गेल्यावर इंदूला सांगताना काही सुटू नये म्हणून. गाडीतळ आला. बस थांबली, माणसं उतरली, मी बघत होतो. बस सुटली. शेवटच्या स्टॉपला कंडक्टर माझ्याजवळ आला.

"आजोबा, तिकीट गाडीतळाचं काढलंत ना? मग उतरला का नाही? झोपला होता का?"

"नाही," मी म्हणालो, "जागा होतो." आणि उतरून, आलो त्याच रस्त्यानं मागं चालायला लागलो.